भाजीच्या ओट्यावरची सभा

अनसूयाबाई हिवाळे यांना कोणी कधी 'गोड बाई' म्हटल्याचं ऐकिवात नाही. नवरा शालिग्राम जिवंत होता तेव्हा तोही म्हणायचा, "हिच्या जिभेला धार लावायला ग्राइंडर नाही लागत." शालिग्राम फिटर. त्रेचाळीस साली, मोठ्या लढाईच्या भरतीत, वाशिमकडून जबलपूरला आला, लष्करी कारखान्यात लागला आणि अठ्ठावन्न साली छातीच्या दुखण्याने गेला. मागे राहिली बायको आणि दहा वर्षांची मीरा. साहेबाने बाईंना दोन नंबर गेटाबाहेरच्या कँटीनमध्ये लावून घेतलं. आपण दया केली, असं साहेब चारचौघांत सांगे. बाई म्हणत, "दया कसली? दीडशे माणसांचा भात का दयेने शिजून राहिला?"

लोकांविषयी त्यांचं मत सहसा वाईट असे, आणि ते सहसा खरं निघे. पण ज्या माणसांवर त्यांनी आयुष्यभर नाक मुरडलं, त्यांतले पहिले मानकरी म्हणजे दिवाकरराव रणभिसे.

दिवाकरराव मूळचे नगरचे. स्टोअरच्या ऑफिसात हेडक्लार्क. भाषा अशी शुद्ध की ऐकणाऱ्याला स्वतःचे दात पडल्यासारखं वाटावं. मराठी ख्रिस्ती सहभागितेचे ते पहिल्यापासूनचे अध्यक्ष. ही सहभागिता म्हणजे काय, तर त्याच त्रेचाळीसच्या भरतीत वऱ्हाडातून, नागपुराकडून जी आठ-दहा ख्रिस्ती कुटुंबं इकडे आली, त्यांना इथल्या ख्रिस्ती देवळातली हिंदी उपासना परकी वाटे. म्हणून रविवारी संध्याकाळी पाच वाजता कोणाच्या तरी क्वार्टरमध्ये जमायचं, मराठीत गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, एकेक कप चहा घ्यायचा आणि गावाकडच्या आठवणी काढायच्या. रविवारी पाच एवढ्यासाठीच की तेव्हा सगळ्यांना सुट्टी असे. इतकं साधं कारण होतं.

पण वीस-बावीस वर्षं एखादी गोष्ट केली की लोक तिचं कारण विसरतात आणि तिला नियम म्हणू लागतात. दिवाकररावांच्या बैठकीत आता सतरंजीवर कोणी कुठे बसायचं हेही ठरलेलं होतं. हार्मोनियमला झालर होती. आणि हजेरीबुक होतं. दिवाकरराव चष्मा नाकावर ओढून एकेक नाव वाचत, आणि माणूस समोर बसलेला दिसत असला तरी त्याने 'हजर' म्हणेपर्यंत थांबत.

"पोरं शाळेत हजेरी देतात, कामगार गेटावर देतात," अनसूयाबाई शेजारच्या बाईच्या कानात म्हणत. "देवाच्या घरी पण टाइमकीपर बसवून ठेवला यांनी."

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली. कारखान्याचा भोंगा वेळीअवेळी वाजू लागला. पाळ्या बारा-बारा तासांच्या झाल्या, रविवारची सुट्टी गेली. ती आठवड्यात कधी मिळेल तेव्हा, आळीपाळीने. पहिल्या रविवारी सभेला नऊ माणसं आली. दुसऱ्या रविवारी चार. त्यांतले दोघं दिवाकरराव आणि त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई, कारण ऑफिसच्या बाबू लोकांना रविवारची संध्याकाळ तेवढी मोकळी होती.

तेव्हा वडीलमंडळींची बैठक भरली. विषय: बदलत्या काळात सहभागिता कशी टिकवावी. शहरातल्या राइट टाउनहून विष्णुपंत आले, निवृत्त मास्तर, रिक्षातून उतरतानाच हाशहुश करत. पोहे झाले, चहा झाला, तीन बैठका झाल्या. सभा पाचऐवजी साडेपाचला घ्यावी का, यावर दीड तास चर्चा झाली आणि ती कल्पना घातक म्हणून सोडून दिली. अखेर ठराव झाले. एक, ब्लॅकआऊटमुळे बैठकीला काळे पडदे लावावेत. दोन, जो सभासद सबळ कारणाशिवाय दोन रविवार गैरहजर राहील, त्याचं नाव कमी करावं.

"ड्युटी हे सबळ कारण नाही का?" सुहासिनीबाईंनी आतून चहा आणताना विचारलं.

"सैतानाला रविवारी सवड मिळते," दिवाकरराव म्हणाले, "मग आपल्याला का मिळू नये?"

विष्णुपंतांनी मान डोलावली. त्यांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती.

पहिलं नाव कमी झालं ते विठोबा पारध्याचं. नाव विठोबा, पण तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. वऱ्हाडात त्याच्या आज्याने देव बदलला, नावं बदलायचं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. विठोबा सिहोऱ्याहून रोज बसने यायचा. पहाटे घर सोडायचं, बारा तास लोखंडाशी झटायचं, परतायचं ते थेट झोपायला. नाव कमी झाल्याचा कागद त्याला गेटावर शिपायाने आणून दिला, ऑफिसचा मेमो द्यावा तसा.

जेवणाच्या सुट्टीत तो कँटीनच्या मागच्या दाराशी आला. तिथे कडुनिंबाखाली भाजी धुवायचा सिमेंटचा ओटा होता. अनसूयाबाई दुधाच्या पातेल्यापाशी उभ्या होत्या.

"बाई, मले काढलं जी," तो म्हणाला.

"नोकरीवरून?"

"नाही. सभेतून."

बाईंनी कागद वाचला. 'आपल्या आत्मिक उदासीनतेमुळे' असे त्यात शब्द होते. विठोबाला ते नीट कळले नव्हते, आणि ते एका अर्थी बरंच होतं.

"मग काहून रडून राहिले? सुटले म्हणा."

"तसं नाही. घरवाली राधा तीन दिवस तापाने फणफणून राहिली. वाटलं होतं रविवारी सभेत तिच्यासाठी प्रार्थना सांगीन. आता नावच नाही, तर कोणत्या तोंडाने सांगू?"

अनसूयाबाईंना राग आला की त्यांचा आवाज खाली जात असे. त्यांनी हळूच विचारलं, "प्रार्थनेला काय गेटपास लागते, भाऊ?"

आणि तिथेच, हातात पळी घेऊन, त्या म्हणाल्या, "देवा, राधाबाईले उठव. विठोबाले तिच्याबिगर भाकर पण टाकता येत नाही, तुले माहीत आहे. आमेन." डोळे मिटले नाहीत, दूध उतू गेलं असतं.

भाजी चिरणारी कुंदा, कारखान्यातल्याच एका हिंदू फिटरची बायको, तिनेही हात जोडले. तिने पुढे विचारलंही, "बाई, एवढंच असते? मग एवढं झालर-बिलर काहून लागते?"

राधाबाई उठल्या. ताप आपोआपच उतरला असेल. अनसूयाबाईंनी कधी त्याचं श्रेय मागितलं नाही. पण विठोबा दुसऱ्या दिवशी आला तो आणखी एकाला घेऊन. त्या एकाचा भाऊ फौजेत होता. मग तिसरा आला, आणि नाव कमी झालेले बाकीचेही. साडेबाराला सुट्टी होई, पंधरा मिनिटांत डबा संपे, उरलेल्या पंधरा मिनिटांत ओट्याच्या कडेवर नाहीतर उपड्या क्रेटवर बसायचं, एक गाणं, दोन प्रार्थना, आणि भोंगा. भोंग्याने कित्येकदा आमेन गिळून टाकला. एक मल्याळी वेल्डर येई, त्याची भाषा कोणालाच कळत नसे. कधी मराठी, कधी हिंदी, जसं ज्याला सुचेल तसं. अनसूयाबाईंना यात काही थोर करतोय असं वाटत नव्हतं. बसा, म्हणा, उठा, कामाला लागा.

बातमी दिवाकररावांपर्यंत पोचायला आठवडा लागला. एका दुपारी ते स्वतः आले. कोट, टाय, आणि बुटांना ओट्याचं पाणी लागू नये म्हणून उचललेली पावलं.

"हे काय चालवलं आहे आपण, अनसूयाबाई?"

"वांगे धुवून राहिली."

"मी सभेविषयी विचारतो आहे. भाजी धुण्याच्या जागी परमेश्वराचं नाव? आणि कोणाच्या अनुमतीने?"

"तुमच्याकडे बैठक आहे साहेब, माणसं नाहीत. माझ्याकडे माणसं आहेत, बैठक नाही. ज्याच्याकडे जे आहे त्याने ते चालवावं."

"ही सहभागिता नव्हे. हा चहावाल्यांचा घोळका आहे."

"होय ना जी," बाई म्हणाल्या. "घेता का अर्धा कप?"

दिवाकररावांनी चहा घेतला नाही. पाठीमागे कुंदा पदर तोंडात कोंबून हसत होती. अनसूयाबाईंना त्या दिवशी फार समाधान वाटलं, जितकं प्रार्थनेनंतर कधी वाटलं नव्हतं. हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी, लढाई थांबल्याची बातमी रेडिओवर येऊन पाच-सहा दिवस झाल्यावर, सुहासिनीबाई ओट्याशी आल्या. भर दुपारी, मैलभर पायी. डोक्यावर पदर, पायांत घरातल्या सपाता. त्या एका क्रेटवर बसल्या आणि हातातली तार पुढे केली. त्यांचा मुलगा चंद्रशेखर फौजेत होता, सियालकोटच्या बाजूला. तारेत लिहिलं होतं, बेपत्ता.

"आमचे हे म्हणतात, कोणाला सांगू नको," त्या म्हणाल्या. "म्हणतात, खात्री झाल्याशिवाय सभेत विषय काढायचा नाही. रविवारी हजेरी घेतली, हार्मोनियम वाजवला. मी मेले का जिवंत आहे तेही पाहिलं नाही. बाई, माझ्या शेखरसाठी तुम्ही बोला. मला शब्द येत नाहीत."

अनसूयाबाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं: आली बरी, चहावाल्यांकडे. ते जिभेवरही आलं होतं. पण समोरच्या बाईच्या घरातल्या सपाता धुळीने माखल्या होत्या, एकीचा पट्टा तुटला होता. बाईंनी तो शब्द गिळला. गिळताना तो कडू लागला, आणि नेहमी इतकी चालणारी जीभ ऐन वेळी अडली. मग मल्याळी वेल्डरच बोलला, त्याच्या भाषेत, खूप वेळ. कोणाला एक अक्षर कळलं नाही. सुहासिनीबाई मात्र ढसाढसा रडल्या आणि मोकळ्या झाल्या.

त्या रोज येऊ लागल्या. चार आठवडे, उन्हातान्हात. भाजी निवडू लागल्या, हेडक्लार्काची बायको कुंदाच्या शेजारी बसून मेथीच्या काड्या मोडू लागली. दिवाकरराव एकदा त्यांना न्यायला आले, पण कुंपणाच्या बाहेरच उभे राहिले. आत गाणं चाललं होतं. ते संपेपर्यंत उभे राहिले आणि तसेच ऑफिसात परत गेले. विठोबा म्हणाला, "साहेबाच्या डोळ्यात पाणी होतं." बाई म्हणाल्या, "धूळ असेल. ट्रक गेला आत्ताच."

ऑक्टोबरच्या अखेरीस पत्र आलं. चंद्रशेखर जिवंत होता, लष्करी दवाखान्यात. डावा पाय गुडघ्याखाली कापला होता. डिसेंबरात तो कुबड्यांवर घरी आला आणि दिवाकररावांनी देवाच्या उपकारस्तुतीची सभा घेतली. ओट्यावरच्या सगळ्यांना बोलावणं होतं. पहिल्यांदाच त्या बैठकीत मल्याळी वेल्डर सतरंजीवर बसला, आणि चुकून विष्णुपंतांच्या जागेवर बसला.

अनसूयाबाई मनाशी म्हणाल्या होत्या, आज हा माणूस दोन शब्द तरी खरे बोलेल. दिवाकरराव चाळीस मिनिटं बोलले. आपल्या सहभागितेने काळाची पावलं कशी वेळीच ओळखली, युद्धकाळात कामगार बंधुभगिनींसाठी दुपारच्या सभेची योजना कशी आखली, दूरदृष्टी म्हणजे काय. शेवटी त्यांनी जाहीर केलं की कँटीनमागील सभा ही यापुढे सहभागितेची 'शाखा क्रमांक एक' राहील. अध्यक्ष अर्थात तेच, आणि शाखेलाही स्वतंत्र हजेरीबुक मिळेल.

ओट्यावरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. विठोबाने टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

चंद्रशेखर अनसूयाबाईंपाशी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मावशी, बाबांना सोडून द्या. आईने मला सगळं सांगितलंय."

"सोडलं. पण असं समजू नको की माफ केलं."

हजेरीबुक दुसऱ्याच दिवशी शिपायाबरोबर आलं. लाल कापडाची पाठ होती. बाईंनी त्याच्या कोऱ्या पानांत महिनाभर भजी बांधून दिली.

इथवर ऐकून कोणाला वाटेल की अनसूयाबाई जिंकल्या. त्यांनाही तसंच वाटत होतं, सहा वर्षं. ओट्याची सभा चालत राहिली. विठोबा निवृत्त होऊन सिहोऱ्याला बसला, दुसरे आले. बारा तासांच्या पाळ्या गेल्या, रविवार परत मिळाला, तरी सभा दुपारीच, साडेबाराला, ओट्यावरच. कोणी म्हणालं, उन्हाळ्यात चटके बसतात, आत बसू. बाई म्हणाल्या, "लढाईत बसलो इथे, आता काहून चटके लागून राहिले?"

एकाहत्तर सालापर्यंत शहराबाहेर रांझीच्या बाजूला नवा मोठा कारखाना उभा राहिला होता. तरुण पोरं तिकडे लागली. त्यांना दुपारी इकडे येणं जमेना. आणि मराठीही जमेना. घरात आई मराठी बोले, पोरगं हिंदीत उत्तर देई. चंद्रशेखर आता टेलिफोन एक्सचेंजवर होता. त्याने रांझीत गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला सभा सुरू केली, सगळी हिंदीत, ढोलक घेऊन. आणि ती भरे कुठे, तर मीराच्या व्हरांड्यात. अनसूयाबाईंच्या स्वतःच्या, तिकडेच दिलेल्या मुलीच्या.

"आई, तू पण ये," मीरा सांगायला आली.

"देवाले पण आता 'क्यों भैया' करून बोलाचं? मी नाही येत. ज्याले यायचं त्याने ओट्यावर यावं. साडेबाराला."

"साडेबाराला कोणाला सुट्टी आहे?"

"मन असलं की सवड होते," अनसूयाबाई म्हणाल्या.

मीरा उठली. चप्पल घालून गेली.

डिसेंबरात पुन्हा लढाई लागली. काचांना पुन्हा काळे कागद लागले, भोंगा पुन्हा वेळीअवेळी. ओट्यावर चार माणसं उरली, मग दोन, मग एका शनिवारी कोणीच नाही. कुंदासुद्धा नाही; तिची सून गुरुवारच्या सभेत ढोलक ऐकायला जाई आणि कुंदा तिच्या मागोमाग. अनसूयाबाई एकट्याच क्रेटवर बसल्या. तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं आणि दिवाकरराव आत आले. निवृत्त झालेले, वाळलेले, पण टाय तसाच. त्यांनी रुमालाने ओटा झाडला आणि बाईंच्या शेजारी बसले.

"ऐकलं की आपण आपल्या नियमाला धरून आहात," ते म्हणाले. "ढोलक आणि हिंदी! पोरखेळ आहे. माझ्या घरी रविवारी आता मी आणि सुहासिनी दोघंच असतो, पण पाच म्हणजे पाच. मला फार आनंद झाला, बाई. अखेर आपण दोघंच टिकलो."

आयुष्यात अनसूयाबाईंना पुष्कळ लोकांनी पुष्कळ बोललं होतं. सासूने पांढऱ्या पायाची म्हटलं, कँटीनच्या मॅनेजरने कैदाशीण म्हटलं. त्यातलं काहीच त्यांना असं लागलं नव्हतं. या माणसाने त्यांची स्तुती केली होती, आणि ती खरी होती. मीराला आपण काय उत्तर दिलं तेही त्यांना आठवलं, शब्दन्‌शब्द. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेला सगळा तिटकारा त्यांच्याच अंगावर उलटला.

त्यांनी दिवाकररावांना चहा दिला. त्यांनी तो घेतला, बशीत ओतून, फुंकर घालत. म्हातारा माणूस, थंडीने ओठ निळे पडलेले. बाईंना त्यांची कीव येणार होती, पण ते लगेच म्हणाले, "शाखा क्रमांक एकचा अहवाल आपण मार्चपर्यंत द्यावा," आणि कीव तिथेच राहिली.

गुरुवारी त्या कुंदाबरोबर रांझीला गेल्या. व्हरांड्यात तीस-पस्तीस माणसं दाटीवाटीने बसली होती, पोरं पायऱ्यांवर. पुरता काळोख पडायच्या आत संपवायचं म्हणून सगळं घाईघाईत चाललं होतं. बाई शेवटी, चपलांच्या ढिगापाशी बसल्या. मीराने पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं, यात तिचं शहाणपण होतं. चंद्रशेखर म्हणाला, "आज मावशी प्रार्थना करतील."

"मले हिंदी नाही येत."

"जशी येते तशी करा."

सगळ्या पोरांनी माना वळवल्या. अनसूयाबाईंनी घसा खाकरला.

"हे प्रभू," त्या म्हणाल्या, "मेरेको हिंदी नहीं आती, तेरेको तो आती है. तू समझ ले. जिनके लडके लढाई में गये, उनको वापस ला. एक पाय के ला, पण ला. और जो माणसं अकेले बैठके राहिले, अपनी अकड में, उनको कोई तो ले के आव. आमेन."

पोरं हसली नाहीत. एक-दोघींनी डोळे पुसले. सभा संपल्यावर मीराने आईच्या हातात चहाचा कप दिला आणि विचारलं, "कशी वाटली?"

अनसूयाबाई त्यानंतर आठ वर्षं जगल्या आणि एखादा आजारपणाचा गुरुवार सोडला तर त्यांनी सभा चुकवली नाही. दिवाकररावांना आणायला त्या दोनदा गेल्याही. एकदा ते झोपले होते, एकदा त्यांनी पाच वाजून गेल्याचं कारण दिलं. सुहासिनीबाई मात्र दुसऱ्या वेळी चप्पल घालून बरोबर निघाल्या. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी मीराने विचारलं तेव्हा बाईंनी चहाचा घोट घेतला, तो पांचट होता, आणि म्हणाल्या, "बरी आहे. तो ढोलकवाला बदल पहिले. त्याले ठेका येत नाही."